चायीचा शेजार

स्यापेन मासाराय ज्याच्यावर थुंकले नाहीत अशी वस्तू तैवानजवळच्या आमच्या बेटावर शोधून सापडली नसती. सिमेंटची घरं, फायबरच्या होड्या, डब्यातला मासा, तैवानातून बर्फात येणारं डुकराचं मांस, देवळातली प्लास्टिकची फुलं, माझं लॉज, लॉजवरची रंगीत पाटी. तोंडात सुपारी आणि चुना कायमचा, त्यामुळे दारूगोळ्याची टंचाई कधी नसे. मान जराशी वळायची, ओठ आवळले जायचे आणि लाल पिचकारी उडायची. मागून एकच शब्द यायचा, "घाण."

ते माझे चुलत काका. काकाला आम्ही मारान म्हणतो, आणि सगळं गावच त्यांना मारान म्हणायचं. स्यापेन म्हणजे आजा. पहिली नात झाली, तिचं नाव मासाराय ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांचं स्वतःचं नाव संपलं, ते मासारायचे आजोबा झाले. आमच्याकडे सगळ्यांचं असंच होतं. मी स्यामान मिनाव, म्हणजे मिनावचा बाप. फरक एवढाच की माझी मिनाव माझ्या डोळ्यांसमोर खेळते. त्यांची नात तैवानात वाढली, वर्षातून एकदासुद्धा फिरकत नाही. मुलगा तिकडेच सिमेंटचा ट्रक चालवतो. बायको जाऊन बारा वर्षं झाली. राहिलो मी.

आता त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला किळस आल्याशिवाय सांगता येत नाही. ती किळस त्यांची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

विसाव्या वर्षी मारान कामासाठी तैवानात गेले होते. प्लायवुडच्या कारखान्यात अकरा महिने राहिले. तिथे ओंडके फिरवत फिरवत सोलायचे आणि ते पापुद्रे एकावर एक चिकटवायचे. "कुठल्या डोंगरातलं झाड, कुणाच्या शेजारी उभं होतं, काही पत्ता नाही," ते सांगायचे. "सगळ्यांना एकाच खळीत बुडवलं. वास तर असा, की मेलेल्या माशालाही ओकारी येईल." अकराव्या महिन्याचा पगार न घेताच ते बोटीत बसले. परत आले ते रानात शिरले आणि मग जन्मभर रानातच राहिले म्हटलं तरी चालेल.

रानात त्यांची एकतीस झाडं होती. जमीन त्यांची नव्हती, झाडं त्यांची होती. आजोबांनी, बापाने आणि त्यांनी स्वतः एकेका झाडाच्या सालीत घराण्याची खूण कोरली होती: दोन तिरप्या रेघा आणि खाली एक टिंब. खूण असलेल्या झाडाला दुसरा कुणी कोयता लावत नाही, चोरसुद्धा नाही. पण नुसती खूण पुरत नाही. दरवर्षी जाऊन बुंधा मोकळा करायचा, चढलेले वेल ओढून काढायचे. बुंध्याशी रान माजलं की लोक समजतात, धनी मेला किंवा त्याला पर्वा उरली नाही. मग दुसरा माणूस येऊन रीतसर विचारतो, साफ करतो आणि आपली खूण कोरतो. त्यावर भांडण होत नाही. कागदबिगद काही नाही, कोयत्याचा ताजा घाव हाच कागद.

एका होडीला इतकी झाडं कशाला, असं लॉजवरचे पाहुणे विचारतात. कणा चायीचा लागतो, कारण ते लाकूड दगडावर घासलं तरी कुरकुरत नाही. वरच्या फळ्या नीरफणसाच्या, त्या हलक्या. खुंट्या तुतीच्या, त्या पाण्यात फुगून घट्ट बसतात. मधल्या फळ्यांना आणखी पाच-सहा जाती, आणि प्रत्येक जात वेगळ्या उतारावर. मारानने अशा आठ होड्या स्वतःच्या वाकसाने तासून केल्या. किनाऱ्यावर फायबरची होडी दिसली की ते म्हणायचे, "एका जातीची होडी! त्यातही ती जात झाडाची नाही. घाण."

नववी होडी त्यांना करायची होती, शेवटची. उडत्या माशांच्या हंगामात आणखी एकदा स्वतःच्या होडीत बसून समुद्रावर जायचं, एवढीच इच्छा. "दुसऱ्याच्या होडीत बसून जो म्हातारा झाला, तो आपल्याच गावात पाहुणा," असं म्हणायचे. नववीसाठी बाकी सगळं लाकूड उभं होतंच, आणि कण्यासाठी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक चायी होती. मारानचे वडील जन्मले त्या वर्षी आजोबांनी तिच्यावर खूण केली होती. तिचं एक भिंतीसारखं रुंद मूळ जमिनीतून असं वळून वर आलेलं, की होडीच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या उचललेल्या भागाचं टोक जसं काही कोरूनच ठेवलंय. असं वळण माणसाला आयुष्यात एकदाच मिळतं. मारान तिथे गेले की त्या वळणावरून हात फिरवत बसायचे. जवळ दुसरं कुणी असलं तर त्यालाही फिरवायला लावायचे.

आणि तीन वर्षांपूर्वी बकरीच्या मागे उतारावर पळताना ते पडले, खुबा मोडला. तैवानात नेऊन शस्त्रक्रिया केली, काठी घेऊन परत आले. डोंगर चढणं बंद झालं. जवळची झाडं सांभाळायला दोन म्हातारे मित्र तयार झाले. ओढ्यावरची चायी सगळ्यांत लांब, ती माझ्याकडे आली.

"बुंध्याशी कोयता चालव, वेल काढ," त्यांनी मला बजावलं. "पण शेजाऱ्यांना हात लावायचा नाही."

"शेजारी कोण?"

"कोण म्हणजे? डोळे आहेत की भोकं? समुद्राच्या बाजूला केवडा आहे. त्याच्या मागे रानजायफळ, रतांब्याच्या जातीची दोन, मग वेताची जाळी. त्यांनी गर्दी केलीय म्हणून चायी सरळ वाढलीय. एकटी असती तर तुझ्यासारखी आडवी पसरली असती."

मी हसलो. मी खरंच आडवा पसरलो होतो. तेव्हा माझं लॉज जोरात चाललं होतं. सकाळी अंडी, ब्रेड, स्कूटरच्या चाव्या, रात्री बाथरूममधले केस आणि ओकाऱ्या. तैवानातले पाहुणे यायचे, आमच्या स्मशानातल्या झाडाची चौकोनी फळं उचलून आणायचे. ज्या झाडाच्या सावलीतून आम्ही तोंड फिरवून जातो त्याची फळं माझ्या न्याहारीच्या टेबलावर मांडून फोटो काढायचे. बायको आत जाऊन रडायची. मी त्या फळांना फुलदाणी आणून द्यायचो. सांगताना अंगावर काटा येतो, पण दिली होती, मीच दिली होती.

पहिल्या वर्षी मी चायीकडे गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत हंगाम सरला. एका दुपारी मारान ओट्यावर बसले होते, त्यांनी विचारलं, "गेला होतास?"

"गेलो होतो ना मारान."

"शेजारी कसे आहेत?"

"मजेत."

"रानजायफळाला फुलं आली?"

"लगडलंय."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग घरात जाऊन वाळवलेल्या माशाची जोडी आणून माझ्या हातात दिली. मी घेतली. घरी जाऊन भाजली, रताळ्याबरोबर खाल्ली आणि बोटं चाटली. दुसऱ्या वर्षीही हाच प्रश्न, हेच उत्तर, हाच मासा. खोटं पहिल्यांदा बोलताना घशात अडकतं, दुसऱ्यांदा तेल लावल्यासारखं सुटतं. मला माझ्या त्या गुळगुळीत तोंडाची आज जेवढी शिसारी येते तेवढी कशाचीच येत नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात शेजारच्या गावचा स्यामान पोरान माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. हा माणूस होड्या करतो, कमी बोलतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बसायला सांगितलं तर बसला नाही.

"ओढ्यावरची चायी तुमच्या मारानची ना?" तो म्हणाला.

"हो. का?"

"तीन वर्षं कुणी आलेलं दिसत नाही. वेल फांदीपर्यंत गेलेत. सोडलीत का, एवढंच विचारायचं होतं."

तो रीतीनेच विचारत होता, त्यात चूक काहीच नव्हती. "सोडली? छे!" मी म्हणालो. "लॉजच्या गडबडीत राहून गेलं. उद्याच जातोय."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. त्याच आठवड्यात मारानने जाहीर केलं की वादळांचा मोसम सरला की चायी पाडायची. खुबा बरा आहे, चढता आलं नाही तर पाठुंगळी न्या, पण मी येणार.

चोराच्या मनात चांदणं. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं: मारान वर येतात, बुंध्याशी तीन वर्षांचं रान आहे आणि शेजारी स्यामान पोरान उभा आहे. मी पेट्रोलवरची करवत आणि गवत कापायचं यंत्र भाड्याने आणलं आणि वर गेलो. ठरवलं, असं साफ करायचं की आंधळ्यालाही कळावं हे झाड कुणाचं आहे. वेल काढले. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण तीन वर्षांची कसर मला एका दमात भरून काढायची होती. यंत्र सुरू होतं आणि लाज अंगात आली होती. केवड्याची रांग कापली. वेताची जाळी ओढून काढली. रानजायफळ आडवं आलं, ते पाडलं. रतांब्याच्या जातीची दोन्ही झाडं पाडली, त्यांचा पिवळा चीक माझ्या हातावर, गालावर, ओठावर उडाला. धुराने आणि त्या हिरव्या लगद्याच्या वासाने मला दोनदा ओकारी आली. तरी मी थांबलो नाही. दोन दिवसांनी चायीच्या चारी बाजूंना दहा-दहा वाव मोकळी जमीन झाली, आणि मध्ये ती एकटी उभी. माझ्या लॉजच्या हिरवळीसारखं दिसत होतं. मला, देवा, ते छान वाटलं.

स्यामान पोरानला मी मोबाईलवर फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला.

"खूपच साफ केलंत," तो म्हणाला.

मला वाटलं जळतोय.

महिन्याभरात वादळ आलं. भरदुपारी आलं, समुद्राच्या बाजूने. आम्हाला वादळाचं नवल नाही. दारं बांधली, रताळी उकडून ठेवली आणि बसून राहिलो. आमचं रान वादळात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं, पानं जातात, फांद्या जातात, बुंधे राहतात. घरात बसल्या बसल्या एकदम मला कळलं की समुद्राच्या बाजूला आता केवडा नाही. हातातलं रताळं खाली ठेवलं. मिनाव म्हणाली, "बाबा, थंड होईल."

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मारान दारात उभे राहिले, हातात काठी, कमरेला कोयता.

"चल. बघून येऊ."

"वाट बंद असेल मारान. चार दिवस थांबू."

"वाट मला ओळखते. तू नुसता कमरेला धर."

सबंध सकाळ लागली. वाटेत त्यांची झाडं येत होती, झोडपलेली पण उभी. तीन वर्षांनी भेटत होते, म्हणून म्हातारा प्रत्येकाला शिव्या घालत होता. "काय रे नीरफणसा, पोट सुटलंय तुझं! आणि ही तुती बघ, सटवी, अजून वाकडीच." इतकं खूश मी त्यांना बायको गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं की दरड कोसळावी आणि वाट खरंच बंद व्हावी.

मग मोकळी जागा आली.

चायी माणसाच्या उंचीवर पिळवटून मोडली होती, आणि तो पीळ बुंध्यातून खाली मुळापर्यंत फाटत गेला होता. नाळेचं ते वळण मधोमध चिरलं होतं, आत बोट जाईल एवढं. महिन्यापूर्वी मी पाडलेली झाडं जिथल्या तिथे कुजत होती. त्यांच्यावर बुरशीचे ओले पांढरे थर, माश्यांचे थवे, आंबलेला गोडसर वास. पायाखाली पचपच होत होतं. मी नाकाला हात लावला आणि लगेच काढला.

मारान चायीकडे गेले नाहीत. ते काठी टेकत पहिल्या खुंटाशी गेले, कष्टाने वाकले आणि कापावर तळवा ठेवला.

"रानजायफळ," ते म्हणाले. दुसऱ्या खुंटाशी गेले. "रतांब्यातलं हे नर." तिसऱ्याशी. "ही मादी. हिला फळं धरायची, कबुतरं यायची." मग केवड्याच्या कापलेल्या गड्ड्यांवरून काठी फिरवत ते शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले.

"फार मोठं वादळ होतं, मारान," मी म्हणालो.

"वादळाच्या हातात करवत होती?"

मी खाली बसलो, त्या घाणीतच. सगळं ओकून टाकलं. तीन वर्षं आलो नाही, खोटं बोललो, स्यामान पोरान आला, घाबरलो, सगळं. ते ऐकत होते. तोंडात सुपारी होती. मी वाट बघत होतो, आता मान वळेल, आता पिचकारी येईल, माझ्या तोंडावर आली तरी चालेल. ती आली नाही.

"तू येत नाहीस हे मला पहिल्याच वर्षी कळलं," ते म्हणाले. "रानजायफळाला त्या महिन्यात फुलं येत नाहीत."

"मग बोलला का नाहीत? मासे कशाला दिलेत?"

"वाटलं, मासा खाताना लाज वाटेल. लाज वाटली की जाशील." ते ओंडक्यावर टेकले. "आणि घाई नव्हती. चार वेल चढल्याने चायी मरत नाही. शेजार होता ना. आळशी माणसाकडून रान मरत नाही रे. ते तुझ्यासारख्या घाबरलेल्या माणसाकडून मरतं."

"स्यामान पोरानने नेली असती मारान! त्याने खूण कोरली असती."

"नेली असती तर होडी झाली असती."

उतरताना मी कमरेला धरायला गेलो तर त्यांनी काठीने माझा हात बाजूला केला. बसत, घसरत, एकेका मुळाला धरत ते स्वतः उतरले. खाली पोचायला संध्याकाळ झाली. नववी होडी आता होणार नव्हती, हे त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. तसलं दुसरं वळण शोधून वाढवायला साठ वर्षं लागतात, आणि त्यांचं वय शहात्तर.

पंधरा दिवसांनी त्यांनी एक बकरा कापला, अळकुड्या उकडल्या आणि स्यामान पोरानला त्याच्या दोन भावांसह निरोप धाडला. मला बोलावून दोन टोपल्या दाखवल्या.

"ह्या उचल."

आम्ही रानात शिरलो. पुढे मारान काठीवर, मागे ते तिघे भाऊ, सगळ्यांत मागे टोपल्या घेऊन मी. पहिल्या नीरफणसाशी मारान थांबले. खुणेवर तळवा ठेवला आणि झाडालाच सांगितलं, "हा स्यामान पोरान. आजपासून तू ह्याचा." मग त्याच्याकडे वळले. "कोर."

स्यामान पोरान गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वाकस काढला आणि आमच्या दोन रेघांच्या बाजूला आपली खूण कोरली. मारानने मला हातानेच खूण केली. मी टोपलीतून अळकुडी आणि मांस काढून त्याच्या भावांच्या हातावर ठेवलं. रीत अशी आहे की देणाऱ्याच्या घरच्या माणसाने ते आपल्या हाताने वाढायचं. मग दुसरं झाड, मग तिसरं. प्रत्येक झाडाशी मारान स्यामान पोरानला शेजारी कोण कोण ते सांगत होते आणि तो एकेक नाव परत म्हणून दाखवत होता. तीस झाडं होती. त्यांचा मुलगा तैवानातच राहिला तेव्हापासून मी धरून चाललो होतो की ती एक दिवस माझी होणार. ताज्या सालीचा वास प्रत्येक वेळी नव्याने नाकात जात होता. मी वाढत होतो, त्यांची बोटं तुपकट होत होती, आणि मला स्वतःच्या हातांकडे बघवत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा चोविसावं झाड झालं. स्यामान पोरानने वाकस खाली ठेवला. तो भला माणूस आहे, त्याला ते सहन होईना.

"मारान," तो हळूच म्हणाला, "एखादं तरी पुतण्याला ठेवा. एक तुती तरी."

मारान माझ्याकडे न बघताच पुढच्या वाटेला लागले.

"त्याला मोकळी जागा आवडते," ते म्हणाले. "ती त्याच्याकडे आहे."

मी टोपल्या उचलल्या. अजून सहा झाडं बाकी होती.